वाढत्या वयातली हाडं आणि ऑस्ट्रेलियातली आपली मुलं

मंडळाच्या गणपतीला किंवा दिवाळीला हॉलच्या दारातच एक वाक्य हमखास कानावर पडतं, "अगं बाई, केवढा उंच झाला हा! मागच्या वर्षी एवढासा होता." मग त्या मुलाला आईच्या पाठीला पाठ लावून उभं करतात, कोणीतरी डोक्यावर हात ठेवून मोजतं, आणि मुलगा लाजून पळ काढतो. उंची डोळ्यांना दिसते, त्यामुळे तिचं कौतुकही होतं आणि काळजीही. त्याच दोन-तीन वर्षांत मुलाच्या हाडांत काय भरलं जातंय किंवा भरायचं राहून जातंय, हे मात्र कोणालाच दिसत नाही.

या पुस्तिकेसाठी आरोग्यावर एखादा लेख द्या असं मंडळाने सुचवलं, तेव्हा आम्ही हाच विषय घेतला. आमच्यापैकी काहीजण इथे आरोग्यसेवेत काम करतात, बाकीचे नुसतेच आईबाप आहेत. ऑस्ट्रेलियात दूध आहे, ऊन आहे, मैदानं आहेत. मग इथे वाढणाऱ्या मराठी मुलांच्या हाडांची काळजी कशाला, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण नीट पाहिलं तर या तिन्ही गोष्टी आपल्या मुलांपर्यंत पुरेशा पोचत नाहीत, आणि नेमक्या नको त्या वयात पोचत नाहीत.

हाड वाढतं कसं

हाड म्हणजे खडूची कांडी नव्हे. ती जिवंत गोष्ट आहे. प्रथिनांच्या धाग्यांची एक चौकट असते आणि तिच्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचे क्षार भरलेले असतात. शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेलं एक टक्का रक्तात आणि पेशींमध्ये. पण त्या एका टक्क्याशिवाय स्नायू आणि हृदय चालत नाहीत, म्हणून शरीर रक्तातली पातळी काही झालं तरी ढळू देत नाही. आहारातून आलं नाही तर गळ्याजवळच्या पॅराथायरॉइड ग्रंथी हाडांतून काढून रक्तात घालतात. त्यामुळे "रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आहे" एवढ्यावर हाडं भक्कम आहेत असं समजू नये.

लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेच्या पट्ट्या असतात. हाडाची लांबी तिथे वाढते. पहिल्या वर्षात बाळ साधारण २५ सेंटिमीटर वाढतं, मग वेग कमी होत होत शाळेच्या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटरवर येतो. वयात येताना तो पुन्हा उसळी घेतो. मुलींमध्ये सर्वांत वेगाची वाढ साधारण साडेअकरा-बाराच्या सुमारास होते, तेव्हा वर्षाला आठेक सेंटिमीटर. मुलांमध्ये ती दोन वर्षं उशिरा येते आणि नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत जाते. मुलीला पाळी सुरू होते तेव्हा तिची मोठी वाढ होऊन गेलेली असते, पुढे सरासरी पाच ते सात सेंटिमीटरच उरतात. शेवटी संप्रेरकांमुळे त्या पट्ट्या मिटतात आणि उंची थांबते. बारला लोंबकळून किंवा डब्यातली कुठलीशी पावडर दुधात घालून मिटलेली पट्टी उघडत नाही, हे येथे स्पष्टच सांगितलेलं बरं.

आता खरी गंमत पुढे आहे. हाड आधी लांब होतं आणि त्यात क्षार नंतर भरतात. कॅनडातल्या सस्कॅचेवान विद्यापीठाने १९९१ पासून सहा वर्षं शाळकरी मुलामुलींची दर वर्षी मोजणी केली. १९९९ साली त्याचे निष्कर्ष आले. हाडांत क्षार भरण्याचा सर्वांत जोराचा काळ मुलींमध्ये सरासरी साडेबाराव्या वर्षी, मुलांमध्ये चौदाव्या वर्षी, म्हणजे उंचीच्या उसळीनंतर थोड्या महिन्यांनी येतो. त्याच्या आजूबाजूच्या फक्त दोन वर्षांत प्रौढ वयातल्या एकूण हाडाच्या साधारण चौथा हिस्सा जमा होतो. दोन वर्षांत चौथा हिस्सा! साठीनंतर माणूस जेवढं हाड गमावतो, जवळजवळ तेवढं या दोन वर्षांत कमावतो.

लांबी पुढे आणि भराव मागे, या मधल्या काळात हाड थोडं नाजूक असतं. मनगटाजवळचं हाड मोडण्याचं प्रमाण मुलींमध्ये अकरा-बारा आणि मुलांमध्ये तेरा-चौदा या वयात सर्वांत जास्त का असतं, याचं एक कारण हे आहे. ट्रॅम्पोलीन आणि स्कूटर ही बाकीची कारणं आपल्याला माहीतच आहेत.

हाडांची जास्तीत जास्त घडण किती होणार यातला मोठा वाटा, साठ ते ऐंशी टक्के, आनुवंशिक असतो. तो आपल्या हातात नाही. उरलेला आहे, आणि त्याचा हिशोब विशीपर्यंत बऱ्याच अंशी मिटतो.

मुडदूस हा शब्द इथे कशाला आला

मुडदूस म्हटलं की आपल्याला जुन्या पुस्तकातली वाकड्या पायांची मुलं आठवतात. तो आजार संपला असं आपण धरून चालतो. सिडनीतल्या डॉक्टरांनी १९९३ ते २००३ या काळातल्या मुडदूस झालेल्या १२६ मुलांच्या नोंदी तपासल्या आणि २००६ साली त्या प्रसिद्ध केल्या. बहुतेक मुलं अगदी लहान होती, दीड वर्षाच्या आतबाहेरची. त्यांतल्या ७९ टक्के मुलांचा जन्म ऑस्ट्रेलियातच झाला होता. आणि ३७ टक्के मुलांचं मूळ भारतीय उपखंडात होतं, हा सर्वांत मोठा गट. पुढे २००६ आणि २००७ या दोन वर्षांत देशभरातल्या बालरोगतज्ज्ञांनी पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवली, तेव्हा ३९८ मुलं सापडली. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांचा वर्ण सावळा किंवा गडद होता.

घाबरून जावं म्हणून हे आकडे देत नाही. लाखात पाचाच्या आसपास असं हे प्रमाण आहे. पण मुडदूस हे टोक झालं. त्याच्या अलीकडे, पाय वाकडे नाहीत, दिसायला सगळं ठीक, पण ड जीवनसत्त्व कमी आणि हाडात भराव कमी, अशी मुलं कितीतरी जास्त असतात. झपाट्याने वाढण्याचे काळ दोनच, पहिली दोन वर्षं आणि पौगंडावस्था. कमतरता लागते ती या दोन काळांतच.

ऊन

ड जीवनसत्त्व नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट जात नाही. आहारातून ते फार थोडं मिळतं. मुख्य कारखाना आपली त्वचा, आणि त्याला लागतात सूर्यप्रकाशातले यूव्हीबी किरण. गडद त्वचेतलं मेलॅनिन हे किरण अडवतं. गोऱ्या माणसाला जेवढं ऊन पुरतं त्याच्या तीन ते सहा पट ऊन सावळ्या-काळ्या त्वचेला लागतं.

मुंबई-पुणे विषुववृत्तापासून अठरा-एकोणीस अंशांवर आहे. सिडनी चौतीस, मेलबर्न अडतीस, होबार्ट त्रेचाळीस. मेलबर्नला जून-जुलैत भर दुपारीसुद्धा यूव्ही निर्देशांक एक-दोनच्या वर क्वचितच जातो. ऊन छान पडलेलं असतं, अंगावर घ्यायला बरं वाटतं, पण ड जीवनसत्त्वाच्या दृष्टीने त्यात फारसा दम नसतो. ब्रिस्बेन किंवा डार्विनच्या मंडळींना ही अडचण नाही.

त्यात आपल्याकडे आली इथली सूर्यापासून बचावाची शिकवण. १९८१ साली व्हिक्टोरियात 'स्लिप, स्लॉप, स्लॅप' सुरू झालं, १९८८ साली सनस्मार्ट कार्यक्रम आला, शाळांत 'नो हॅट, नो प्ले' रुजलं. त्वचेच्या कर्करोगाचं प्रमाण जगात सर्वांत जास्त असलेल्या देशांपैकी हा एक देश, तेव्हा हे करायलाच हवं होतं आणि त्याने जीव वाचले आहेत यात शंका नाही. पण ही शिकवण मुख्यत: गोऱ्या कातडीसाठी तयार झाली होती. आपण ती जशीच्या तशी घेतली, वर "काळी पडेल पोर" ही आपली जुनी भीती तिला जोडली. दुसरी भीती पहिलीच्या आडोशाने किती सुखाने नांदते आहे, हे पाहण्यासारखं आहे.

आता अधिकृत सल्लाही बदलला आहे. २०२३ साली इथल्या कर्करोग, त्वचारोग आणि हाडांच्या क्षेत्रातल्या संस्थांनी मिळून जे निवेदन काढलं, त्यात लोकांचे त्वचेच्या रंगानुसार तीन गट केले आहेत. अतिशय गोऱ्या लोकांनी ऊन टाळावं आणि ड जीवनसत्त्व दुसऱ्या मार्गाने घ्यावं. गडद त्वचेच्या लोकांना त्वचेच्या कर्करोगाचा धोका कमी आणि ड जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा जास्त, म्हणून त्यांनी बाहेर जास्त वेळ काढावा. मधल्या रंगाच्या लोकांनी मधला मार्ग धरावा. आपल्या एकेका घरातच दोन-दोन गट सापडतील, तेव्हा ज्याने-त्याने आपला हात पाहून ठरवावं.

व्यवहारात एवढं धरावं. यूव्ही निर्देशांक तीनच्या खाली असेल तेव्हा टोपी-सनस्क्रीनची गरज नसते. दक्षिणेकडच्या राज्यांत मे ते ऑगस्ट बहुतेक दिवस असेच असतात. तेव्हा मुलांनी दुपारी, बाह्या वर करून, बाहेर खेळावं. उन्हाळ्यात सकाळी नऊ-दहाला किंवा दुपारी चारनंतर खेळलं तरी पुरतं. जानेवारीत भर दुपारी तासन् तास क्रिकेट चालणार असेल तर टोपी आणि सनस्क्रीन आपल्या मुलांनाही हवंच, आपली त्वचाही भाजते. कोवळं ऊन बाळाला चांगलं असं आजी सांगते, पण उगवतीच्या उन्हात यूव्हीबी फारच थोडे असतात. आणि काचेतून ते येतच नाहीत. खिडकीपाशी उन्हात बसून गृहपाठ करणारी मुलगी उबदार राहील, एवढंच.

नुसतं ऊन असून भागत नाही हे पुण्याने दाखवलंय. तिथल्या जहांगीर रुग्णालयाच्या हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्थेत डॉ. अनुराधा खाडिलकर आणि त्यांचे सहकारी मुलांच्या वाढीवर आणि हाडांवर अनेक वर्षं काम करत आहेत. त्यांनी गरीब घरातल्या १४-१५ वर्षांच्या मुली तपासल्या, तर भरपूर उन्हाच्या शहरात ड जीवनसत्त्वाची मोठी कमतरता निघाली. त्यांना वर्षभर औषध दिलं. हाडांवरचा फायदा ठळक दिसला तो पाळी सुरू होऊन दोन वर्षं झाली नव्हती त्या मुलींमध्ये. ज्यांची ती दोन वर्षं उलटली होती त्यांच्यात तसा दिसला नाही. वेळ का महत्त्वाची, ते यात आलं.

ताटातलं कॅल्शियम

ऑस्ट्रेलियाच्या शिफारशीनुसार नऊ ते अकरा वयाला रोज १००० मिलिग्रॅम, बारा ते अठरा वयाला १३०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. आयुष्यात इतकी गरज पुन्हा फक्त म्हातारपणी लागते. आणि नेमकं याच वयात मुलं दूध सोडतात. सकाळी उशीर झालेला असतो, दुधाचा वास आवडत नाही, मैत्रीण बदामाचं दूध पिते. गोऱ्या घरांतही काही फार बरं नाही. २०११-१२ च्या राष्ट्रीय पाहणीत ७३ टक्के स्त्रिया आणि ५१ टक्के पुरुषांचं कॅल्शियम कमी भरलं होतं.

आपलं वरण-भात-पोळी-भाजी पोटाला उत्तम, पण त्यातून कॅल्शियम फारसं येत नाही. २५० मिलिलिटर दुधातून ३०० मिलिग्रॅम मिळतं. २०० ग्रॅम साध्या दह्यातून साधारण तेवढंच, थोडं जास्तच. चीजच्या एका जाड तुकड्यातून दीडशे. पन्नास ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या भाकरीतून पावणेदोनशेच्या आसपास, मात्र त्यातलं सगळं अंगी लागत नाही, कारण धान्यातलं फायटेट ते धरून ठेवतं. मोड आणून केलेल्या नाचणीच्या सत्त्वात हा अडथळा कमी होतो. आपल्या आज्यांना फायटेट ठाऊक नव्हतं, पण सत्त्व त्या मोड आणूनच करायच्या. तीळ घ्यायचे तर न सोललेले, पॉलिश केलेल्या पांढऱ्याशुभ्र तिळांत कॅल्शियम फार कमी उरतं. पालकात कॅल्शियम आहे पण ऑक्झलेटमुळे ते मिळत नाही, त्यापेक्षा बोक चॉय किंवा मेथी बरी. मासे खाणाऱ्या घरांत काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे मासे आणि डब्यातले सार्डिन उपयोगी पडतात.

दुधाने पोट बिघडत असेल तर दही, ताक किंवा लॅक्टोज-फ्री दूध द्यावं, कॅल्शियम तेवढंच असतं. सोया किंवा बदामाचं दूध घेताना मागचं लेबल वाचावं. १०० मिलिलिटरला निदान १०० ते १२० मिलिग्रॅम कॅल्शियम घातलेलं नसेल तर ते दुधाच्या जागी चालणार नाही. थोडक्यात सकाळी सीरियलबरोबर दूध, डब्यात चीज, जेवणात वाटीभर दही आणि रात्री पुन्हा अर्धा-पाऊण कप दूध, एवढं झालं की बाकीच्या जेवणासकट हिशोब जमतो.

एक गोष्ट जरा गंभीरपणे सांगायची आहे. तेरा-चौदाच्या मुली बारीक होण्यासाठी जेवण टाळायला लागतात, ते घरात पुष्कळदा "आजकाल तिचं खाणं कमी झालंय" एवढ्यावर राहतं. वजन उतरलं, सुरू झालेली पाळी बंद झाली, तर इस्ट्रोजेन कमी होऊन हाडांचा भराव थांबतो. तीन महिने पाळी आली नाही तर वाट पाहू नये, जीपीकडे जावं.

उड्या, लेझीम आणि शनिवारचा क्लास

हाडाला काम दिलं की ते जाड होतं. मेलबर्नमध्ये शोना बास आणि सहकाऱ्यांनी टेनिस खेळणाऱ्या मुलींचे दोन्ही हात तपासले होते, ते संशोधन २००२ साली प्रसिद्ध झालं. मुलगी तीच, आहार तोच, ऊन तेच, फक्त एका हाताने टेनिस. खेळणाऱ्या हाताचं हाड स्पष्टपणे भक्कम होतं, आणि वयात येण्याआधी खेळलेल्यांमध्ये ते बाहेरच्या बाजूने रुंदावलेलं होतं. बाहेरून रुंदावलेलं हाड जास्त बळकट असतं. वयात आल्यानंतरच्या खेळाने तसं रुंदावणं कमी आणि आतली पोकळी अरुंद होणं जास्त.

हाडाला हवा असतो तो धक्का. उड्या, धावणं, दिशा बदलणं. नेटबॉल, बास्केटबॉल, फुटी, दोरीच्या उड्या, खो-खो, लंगडी, भरतनाट्यम, सगळं चालतं. आमच्या लेझीम पथकाच्या दोन महिन्यांच्या तालमीसुद्धा यात बसतात. पोहणं इथे शिकलंच पाहिजे, पण पाणी वजन उचलतं, त्यामुळे हाडाला त्याचा फारसा फायदा नाही. सायकलचंही तसंच. रोज तासभर हालचाल आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडा-स्नायूंना जोर लागेल असं काही, अशी इथली शिफारस आहे.

आणि इथेच आपल्या घरांची अडचण आहे. न्यू साउथ वेल्समध्ये ओसीची परीक्षा चौथीत आणि सिलेक्टिव्हची सहावीत. व्हिक्टोरियात नववीच्या प्रवेशासाठी आठवीत परीक्षा. म्हणजे नऊ ते चौदा. शनिवार सकाळचा क्लास, मधल्या दिवशी दुसरा क्लास, रविवारी मॉक टेस्ट. मुलीच्या हाडांच्या भरावाची दोन वर्षं आणि सिलेक्टिव्हची दोन वर्षं एकच आहेत. क्लास बंद करा असं आम्ही म्हणत नाही, आमचीही मुलं जातात. पण परीक्षा जवळ आली की पहिला बंद होतो तो खेळ, हे बरोबर नाही. परीक्षेनंतर गणित भरून काढता येतं.

उलट टोकही आहे. क्रिकेटवेड्या बापाला मुलगा फास्ट बोलर हवा असतो. वाढत्या कण्याला वेगवान गोलंदाजीचा मार सोसत नाही, कमरेच्या मणक्याला बारीक तडे जातात. पॅट कमिन्सने नोव्हेंबर २०११ मध्ये अठराव्या वर्षी जोहान्सबर्गला पहिली कसोटी खेळून सामनावीराचा मान मिळवला, आणि पुढची कसोटी तो खेळला थेट मार्च २०१७ मध्ये, आपल्या रांचीत. मधली पाच वर्षं दुखापतींत गेली, पाठीच्या हाडाचे तडे त्यांत होते. क्रिकेट ऑस्ट्रेलियाने प्रत्येक वयोगटासाठी किती चेंडू टाकावेत याची मर्यादा ठरवून दिली आहे. क्लबमध्ये, शाळेत आणि घरामागे मिळून होणारी गोलंदाजी त्यात मोजावी. पोराची कंबर चेंडू टाकताना सतत दुखत असेल तर बाम चोळून पुन्हा मैदानावर पाठवू नये.

डॉक्टरांकडे केव्हा

आधी उंचीच्या तक्त्याबद्दल. पंचविसाव्या पर्सेंटाइलवरचं मूल खुजं नसतं, शंभर मुलांत ते पंचविसावं असतं, इतकंच. एकदा घेतलेल्या मापापेक्षा वर्षभरातली वाढ जास्त सांगून जाते. आईबापांच्या उंचीवरून अंदाज काढता येतो. दोघांची सरासरी काढावी, मुलासाठी साडेसहा सेंटिमीटर मिळवावे, मुलीसाठी वजा करावे. वडील १७२ आणि आई १५५ असेल तर मुलगा १७० आणि मुलगी १५७ च्या आसपास, आठ-नऊ सेंटिमीटर इकडे-तिकडे. तेव्हा शेजारच्या ओलिव्हरशी तुलना करण्यात अर्थ नाही.

वयात येण्याआधी वर्षाला चार-पाच सेंटिमीटरहून कमी वाढ होत असेल, मूल आपल्या पर्सेंटाइलच्या रेषेवरून खाली घसरत असेल, तेरापर्यंत मुलीमध्ये किंवा चौदापर्यंत मुलामध्ये वयात येण्याची काहीच खूण नसेल, किंवा उलट मुलीमध्ये आठ आणि मुलामध्ये नऊच्या आत ती दिसली तर जीपीला दाखवावं. किरकोळ पडण्याने पुन्हा पुन्हा हाड मोडणं, पाय वाकणं, जिना चढताना मांड्या भरून येणं, सतत पाय दुखणं हेही सांगावं. रात्री दोन्ही पोटऱ्या दुखणं आणि सकाळी मूल धावत सुटणं, हे मात्र बहुधा वाढीचं दुखणं असतं.

ड जीवनसत्त्वाची रक्ततपासणी २०१४ च्या नोव्हेंबरपासून मेडिकेअरमध्ये सरसकट मिळत नाही, ठरावीक कारणं असावी लागतात. गडद त्वचा हे त्यांतलं एक कारण आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारायला संकोच करू नये. इथे ५० नॅनोमोल किंवा त्याहून जास्त पातळी पुरेशी मानतात. कमी निघाली तर गोळी किंवा थेंब डॉक्टर सांगतील तेवढेच द्यावेत, भारतातून आणलेलं साठ हजार युनिटचं पाकीट स्वत:च्या मनाने फोडू नये. अंगावर पिणाऱ्या सावळ्या बाळांना वर्षभर रोज ४०० युनिट देण्याचा सल्ला इथे दिला जातो, नवीन आईबापांनी तो आपल्या नर्सला विचारावा. मोठ्या मुलांची तपासणी करायचीच असेल तर हिवाळा संपताना, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये करून घ्यावी. वर्षातली सर्वांत कमी पातळी तेव्हाच असते, उन्हाळ्याच्या शेवटी केली तर आकडा फसवा चांगला येतो.